नवी डिस्क आणि तिच्यातली शंभर एमबीची खोली

‘हार्ड डिस्क बदलली? मग विंडोजही नवं विकत घ्यावं लागणार.’ नाशिकच्या एम. जी. रोडवर काय किंवा सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपच्या ऑफिसात काय, हे वाक्य हमखास कानावर पडतं. ते चुकीचं आहे. विंडोज १० आणि ११ चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्कशी नाही. इन्स्टॉल करताना ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ निवडायचं, होम की प्रो ते आधीचंच घ्यायचं; नेट जोडलं की अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होतं.

दुसरा गैरसमज, जुनी सी ड्राइव्ह नव्या डिस्कवर कॉपी-पेस्ट केली की काम झालं. तसं केलं तर स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतं. फाइली तर सगळ्या आहेत, मग घोडं कुठे अडतं?

बटण दाबल्यावर आधी जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला यूईएफआय हा प्रोग्राम. विंडोज राहतं एनटीएफएस पार्टिशनवर, आणि ती मांडणी बहुतेक यूईएफआयला वाचताच येत नाही. फॅट३२ मात्र येते. म्हणून डिस्कवर साधारण १०० एमबीची एक फॅट३२ खोली राखलेली असते, ईएफआय सिस्टीम पार्टिशन. तिथे विंडोजचा बूट मॅनेजर बसतो आणि त्याचा पत्ता मदरबोर्डवर नोंदलेला असतो. यूईएफआयने त्याला उठवलं की तो बीसीडी नावाची नोंदवही उघडतो, विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे ते बघतो आणि विनलोडला हाक मारतो. विनलोड कर्नलला, म्हणजे विंडोजच्या गाभ्याला, मेमरीत आणतो. एनटीएफएस वाचायची विद्या बूट मॅनेजर स्वतःसोबतच घेऊन येतो, ही यातली सर्वांत सुंदर गोष्ट. फाइल एक्सप्लोररमध्ये ही खोली दिसतच नाही, म्हणून कॉपी करताना ती मागे राहते.

यातूनच एक नेहमीचा घोळ होतो. नवी एसएसडी लावली, जुनी डिस्कही जोडलेलीच ठेवली आणि विंडोज मारलं. सेटअपला जुन्या डिस्कवरची खोली आयती सापडते आणि तो बूट मॅनेजर तिथेच टाकतो. महिन्याभराने जुनी डिस्क काढली की पीसी चालूच होत नाही. तेव्हा विंडोज मारताना जुन्या डिस्कची साटा केबल काढूनच ठेवा.

विंडोज मारायला लागणारा पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा, आणि तयार करताना तो पूर्ण पुसला जातो. वापरलेली डिस्क घेतली असेल तर सेटअप कधीकधी ‘एमबीआर’ची, म्हणजे डिस्कवरच्या जुन्या पद्धतीच्या पार्टिशन-नोंदीची, तक्रार करून अडतो; यूईएफआयला नवी पद्धत, जीपीटी, हवी असते. तेव्हा शिफ्ट+एफ१० दाबून उघडणाऱ्या कमांडच्या खिडकीत डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क (पुढे तिचा क्रमांक), क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी, याच क्रमाने जा. ‘क्लीन’ने निवडलेली डिस्क पुसली जाते, म्हणून त्याआधी यादीतला आकार ताडून बघा. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते. ११व्या पिढीच्या किंवा त्यापुढच्या इंटेल लॅपटॉपवर यादीत डिस्कच दिसली नाही, तर डिस्क बिघडली असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा व्हीएमडीचा, म्हणजे इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा, ड्रायव्हर हवा असतो. तो पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’ने द्या.

बंद पडलेली डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा तोडगा कृपा करून करू नका. तबकडी आणि हेड यांच्यात नॅनोमीटरचं अंतर असतं. बाहेर काढताच आतल्या पृष्ठभागावर दव धरतं, आणि वाचवता येण्यासारखा डेटाही खरवडला जातो.

जुन्या डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ती काढण्याआधीच ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. दुसऱ्या विंडोजमधून तिच्यावरच्या फाइली उघडायला ती लागतेच.