फोंड्यातला रविवार आणि वर्डप्रेसची वीस वर्षं

वर्डप्रेस हे संकेतस्थळं बनवण्याचं मोफत सॉफ्टवेअर. ते वापरणाऱ्यांच्या आमच्या भेटीला कोणी नवीन आला की पहिला प्रश्न ठरलेला: फी किती? फी नाही. बोलणाऱ्याला मानधनही नाही. गोव्यातल्या फोंड्यात एका शिकवणीवर्गाची खोली रविवारी रिकामी असते, तिथे आम्ही जमतो. ही रीत कुठून आली हे सांगायचं तर या सॉफ्टवेअरच्या जन्मापर्यंत जावं लागतं.

२००१ मध्ये मिशेल वाल्ड्रिघी यांनी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत 'बी२' नावाचं ब्लॉग लिहिण्याचं साधन तयार केलं. पुढे त्यांचं काम थंडावलं, पण कोड जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कोणीही वापरावा, बदलावा, पुढे वाटावा अशा अटीवर, खुला होता. जानेवारी २००३ मध्ये मॅट मुलनवेग या १९ वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने तो पुढे न्यायची इच्छा जाहीर केली आणि इंग्लंडमधून माईक लिटल यांनी सोबत यायची तयारी कळवली. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. मूळ कर्त्याची परवानगी घ्यायची गरजच नव्हती, ती परवान्यातच दिलेली होती. आमच्या भेटीत कोणी काही राखून ठेवत नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

२००४ मध्ये मूव्हेबल टाइप या प्रतिस्पर्ध्याने परवान्याच्या अटी बदलल्या आणि पुष्कळ लोक इकडे वळले. त्याच वर्षी प्लगइन, म्हणजे जादा सोयी देणारे जोड-प्रोग्रॅम, आले, २००५ मध्ये थीम, म्हणजे संकेतस्थळाचं रूप ठरवणारे साचे. माझं घर या दोन गोष्टींवर चालतं.

पहिला वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांचा मेळावा, ऑगस्ट २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरला, भारतातला २००९ मध्ये दिल्लीत. स्वयंसेवकांनी चालवायचं, तिकीट परवडेल असं ठेवायचं, हा शिरस्ता तिथूनच गावोगावच्या छोट्या भेटींत उतरला. आशियाचा मोठा मेळावा २०२० मध्ये बँकॉकला ठरला होता. कोरोनामुळे तो रद्द झाला आणि शेवटी २०२३ मध्ये भरला.

गोव्यात आमच्याकडे येणारं काम दोन तऱ्हेचं. एक पर्यटनाचं: होमस्टे, छोटी हॉटेलं. त्यांना हंगामाआधी, म्हणजे चवथीच्या आसपासच, सगळं तयार हवं असतं. ते इंग्रजीत असतं, फारसं अडत नाही. दुसरं देवस्थानांचं, नाट्यमंडळांचं, वाचनालयांचं. ते मराठीत, आणि खरी कसोटी तिथे.

जुना मजकूर 'शिवाजी'सारख्या फाँटमध्ये टाइप केलेला असायचा. पडद्यावर देवनागरी, पण आत रोमन अक्षरं, त्यामुळे शोधून काही सापडत नसे. तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणावा लागला. सुरुवातीची वर्डप्रेस संकेतस्थळं आणखी वेगळी अडत. २००७ च्या २.२ आवृत्तीपर्यंत मजकूर साठवणाऱ्या डेटाबेसला अक्षरसंच, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवायची ते, सांगायची सोयच नव्हती. युनिकोड मजकूर रोमन लिपीसाठीच्या लॅटिन अक्षरसंचाच्या तक्त्यांत जाऊन बसे आणि पुढे संच बदलला की देवनागरीच्या जागी डोक्यावर चिन्हं असलेली रोमन अक्षरं उमटत. उपाय असा: डेटाबेसमधला रकाना आधी 'ब्लॉब', म्हणजे अक्षरसंच नसलेल्या नुसत्या बाइटचा, करायचा, मग यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीचा. आधी बॅकअप घ्यायचा, हे सांगायला नकोच.

लेखाच्या वेब-पत्त्याचा प्रश्न मात्र आजही आहे. लेखाचा पत्ता ज्या रकान्यात राहतो त्याची मर्यादा २०० वर्णांची. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह ३ वर्णांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ वर्ण! काना, वेलांटी, हलन्त वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे जेमतेम २२ चिन्हं मावतात. 'श्री देवस्थानाचा वार्षिक जत्रोत्सव' असं शीर्षक द्या, पत्ता 'वार्षिक'पाशी संपतो. ज्यासाठी लोक येणार तो जत्रोत्सवच गळतो. ही आकडेमोड आम्ही एका रविवारी फळ्यावर केली. एका देवस्थानाचे महाजन, म्हणजे देवळाचा कारभार पाहणारे मानकरी, मागच्या बाकावर बसले होते, त्यांनी ती वहीत उतरवून घेतली.

पत्ता हाताने छोटा करता येतो. रोमनमध्ये करावा की मराठीतच, यावर आमच्यात एकमत नाही. मी मराठीच्या बाजूचा आहे: 'जत्रोत्सव' एवढा एक शब्द सहज मावतो. पुढच्या भेटीत ते महाजन आपल्या संकेतस्थळावरचे जुने पत्ते घेऊन येणार आहेत, आणि बदललेल्या पत्त्यांवर वाचकांना आपोआप कसं वळवायचं ते मी दाखवणार आहे.