वाऱ्याचे पट्टे म्हणजे समतल पट्टे नव्हेत

मृदसंधारणावरच्या मराठी टिपणांत एक घोळ वर्षानुवर्षं तसाच उतरत आला आहे. मथळा ‘पट्टा पद्धत’. चित्र उताराला आडव्या, वळणं घेत जाणाऱ्या पट्ट्यांचं. आणि खाली उदाहरण १९३० च्या दशकातल्या अमेरिका-कॅनडाच्या प्रेअरीचं, म्हणजे तिथल्या सपाट गवताळ मैदानांचं, धुळीच्या वादळांचं. चित्र पाण्याविरुद्धच्या पट्ट्यांचं आणि उदाहरण वाऱ्याविरुद्धच्या. दोन्हींत पिकाचे पट्टे आलटून-पालटून असतात, साम्य एवढंच. एकाचे नियम दुसऱ्याला लावले तर माती जाते.

समतल पट्टे, म्हणजे पाण्याविरुद्धचे, आपल्याला ठाऊक आहेत. ज्वारी-बाजरीच्या पट्ट्याखाली मटकी, कुळीथ किंवा भुईमुगाचा दाट पट्टा. वरून आलेल्या पाण्याचा वेग तिथे मोडतो, गाळ बसतो, पाणी मुरतं. आखणी उतार पाहून होते. एवढं पुरे.

प्रेअरीचे पट्टे वेगळ्या अडचणीतून आले. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताच्या दक्षिणेला लेथब्रिजजवळ मोनार्क नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तिथल्या शेतकऱ्यांनी हे पट्टे पाडायला सुरुवात केली. तिथला फेरा एक वर्ष गहू, एक वर्ष पड असा. पड म्हणजे ओसाड रान नव्हे. तण मारत राहायचं आणि ओल साठवायची. सोलापूरकडे रब्बी ज्वारीसाठी खरिपात रान मोकळं ठेवून कुळवतात, तोच विचार. फक्त तिथे ही पड ऑगस्टच्या कापणीपासून पुढच्याच्या पुढच्या मे महिन्यातल्या पेरणीपर्यंत, म्हणजे वीसेक महिने चालायची. १६० एकरांचं, सुमारे ८०० मीटर बाजूचं अख्खं चौकोनी रान एकदम पड टाकलं की वाऱ्याला सलग मोकळी माती मिळायची. तेच रान उत्तर-दक्षिण सरळ पट्ट्यांत कापलं, कारण तिथला जोराचा वारा पश्चिमेचा. एक पट्टा गव्हाचा, शेजारचा पडीचा, पुढच्या वर्षी अदलाबदल. दोन्ही पट्टे सारख्या रुंदीचे असतात ते या अदलाबदलीमुळे. वाऱ्याच्या हिशेबात पिकाचा पट्टा बराच अरुंद असला तरी चालतो.

आता खरी मेख. बहुतेकांना वाटतं की उभा गहू किंवा त्याची धसकटं वारा अडवतात आणि त्या आडोशाला पडीची माती सुरक्षित राहते. हे चुकीचं आहे, आणि साध्या हिशेबाने कळतं. कोणत्याही आडोशामागे उपयोगी संरक्षण त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत मिळतं. धसकटं ३० सेंटिमीटर उंच धरली तर आडोसा ३ मीटरचा. मग पलीकडचा ७५ मीटर रुंद पडीचा पट्टा वाचतो कसा? आडोशाने नाहीच वाचत. आडोशाचं काम झाडांच्या वारारोधक रांगांचं. ती तिसरी गोष्ट आहे, तिला यात ओढू नये.

पट्टा वारा अडवत नाही, उड्या अडवतो. कॅनडातल्या सस्कॅचेवानमधल्या स्विफ्ट करंट इथे आणि पुढे अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या मॅनहॅटन इथे मृदाशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. चेपिल यांनी वर्षानुवर्षं मोजमापं घेऊन हे दाखवलं. वाऱ्याने जाणाऱ्या मातीपैकी अर्धी ते पाऊण माती उड्या मारत जाते. हे कण साधारण ०.१ ते ०.५ मिलिमीटरचे. कण उसळतो, वाऱ्यासोबत पुढे जातो आणि जमिनीशी ६ ते १२ अंशांचा तिरपा कोन करून आदळतो. आदळताना आणखी कण उडवतो, लहान ढेकळं घासून फोडतो, आणि एरवी जागची हलणार नाही अशी बारीक धूळही मोकळी करतो. आकाशात दिसणारा काळा ढग याच धुळीचा. पण तिला सुटं करणारे हे उडीबाज कण बहुतेक गुडघ्याखालीच राहतात, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाहीत.

एका कणाने चार उडवले, त्या चारांनी आणखी. म्हणून मोकळ्या रानाच्या वाऱ्याकडच्या काठावर माती जवळजवळ हलत नाही, आणि जसजसं वाऱ्याच्या दिशेने पुढे जावं तसतसा उडत्या मातीचा लोंढा वाढतो. सुट्या बारीक वाळूत तो पन्नास-साठ मीटरांतच कमाल पातळी गाठतो. ढेकळं असलेल्या मध्यम पोताच्या जमिनीत त्याला दीड किलोमीटरहून जास्त अंतर लागतं. धसकटांचा पट्टा आडवा आला की उड्या मारणारे कण काडात अडकून बसतात आणि लोंढा शून्यावर येतो. पलीकडच्या पडीवर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हे एकदा समजलं की आखणीचे नियम आपोआप येतात. महत्त्वाचा आकडा म्हणजे मोकळ्या मातीची वाऱ्याच्या दिशेतली लांबी. रानाचा उतार इथे गौण. समतल रेषेवरचा वळणदार पट्टा जिथे वाऱ्याला समांतर होतो, तिथे वाऱ्याला शे-दोनशे मीटरांची मोकळी गल्ली मिळते. वाऱ्याविरुद्धचे पट्टे सरळच हवेत. दिशाही वर्षभर जास्त दिवस वाहणाऱ्या वाऱ्याची धरायची नाही. रान उघडं आणि कोरडं असताना, म्हणजे तिथे वसंतात, जो जोराचा वारा सुटतो त्याची धरायची. तो ४५ अंश तिरपा येत असेल तर रुंदी सात-दशांशावर आणावी लागते. समांतर आला तर पट्टे निरुपयोगी.

रुंदी जमिनीच्या पोतावर ठरते. चेपिल यांचे आकडे असे: वाळू ६ मीटर, पोयट्याची वाळू ७.५, वालुकामय पोयटा ३०, पोयटा ७५, चिकण पोयटा सुमारे १०५. हे आकडे अटींशिवाय उतरवून घेणं मला अजिबात पटत नाही. अटी अशा: वारा पट्ट्याशी काटकोनात, जमिनीपासून १५ मीटर उंचीवर ताशी ६४ किलोमीटर, आणि वाऱ्याकडच्या बाजूला ३० सेंटिमीटर उंच धसकटं. अट बदलली की आकडा बदलतो. शेवटी रुंदी पेरणी यंत्राच्या रुंदीच्या पूर्ण पटीत बसवायची, नाहीतर प्रत्येक पट्ट्यात अर्धी फेरी वाया जाते.

त्याच यादीत दाणेदार झालेल्या भारी चिकण जमिनीला फक्त २५ मीटर दिले आहेत, वालुकामय पोयट्यापेक्षाही कमी. काळ्या भारी रानाची सवय असलेल्याला हे उलटं वाटेल. पण प्रेअरीच्या हिवाळ्यात ओली चिकणमाती गोठते, वितळते, पुन्हा गोठते, आणि शरदात दगडासारखी असलेली ढेकळं वसंतात मण्यांसारख्या सुट्या दाण्यांत फुटतात. ते दाणे वाऱ्यावर चालतात. शरदात ढेकळं पाहून पट्टे रुंद ठेवणारा मार्चमध्ये फसतो.

पट्टे पाडून काम संपतही नाही. लोंढा लहान राहतो, पण पडीचा पट्टा उघडाच असेल तर माती त्याच्या आत हलत राहते. म्हणून पडीवर काड टिकवायचं. वन-वे डिस्क, म्हणजे माती एकाच बाजूला पलटणारं तव्यांचं अवजार, एका फेरीत जवळजवळ निम्मं काड गाडते. अल्बर्टातल्या नोबलफर्डच्या चार्ल्स नोबल यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जमिनीखालून चालणारी रुंद पात काढली. ती ८-१० सेंटिमीटरवरून तणाची मुळं कापते आणि धसकटं वर उभी ठेवते. कुळवाची पास पाहिलेल्याला तत्त्व सांगायला नको. या पातीच्या एका फेरीत दहावा हिस्साच काड गाडलं जातं. हंगामात चार फेऱ्या धरा: डिस्कमागे सोळावा हिस्सा उरतो, पातीमागे दोन-तृतीयांश. मात्र पात कोरड्या, उन्हाच्या दिवशी चालवावी. ओल्या मातीत कापलेलं तण जागच्या जागी पुन्हा मुळं धरतं.

पट्ट्यांचे दोष कुणी सांगत नाही, तेही सांगायला हवेत. अडकलेली माती काठावर साचून काही वर्षांत वरंबा होतो. तो वेळीच नांगरून पसरला नाही तर पेरणी यंत्र तिथे नीट चालत नाही. त्याहून मोठा दोष गव्हाच्या खोडातल्या सॉफ्लाय माशीचा. तिची अळी खोड आतून पोखरते, कापणीआधी बुंध्याशी कापते, ओंबी आडवी पडते आणि अळी धसकटातच हिवाळा काढते. जूनमध्ये बाहेर पडणारी माशी लांब उडत नाही, पण पट्टा पद्धतीत तिला उडायचंच नसतं: गेल्या वर्षीच्या धसकटांना लागूनच यंदाचा गहू असतो, आणि अरुंद पट्टा म्हणजे सगळा काठच. अळी मारायची तर धसकटं खोल नांगरावी लागतात. माती राखायची तर ती वर ठेवावी लागतात. भरीव खोडाचा ‘रेस्क्यू’ गहू १९४६ मध्ये कॅनडात आला तो याच पेचातून. अळीला भरीव खोडात नीट वाढता येत नाही, त्यामुळे धसकटं न गाडता गहू उभा राहू लागला. पण खोड भरायला ऊन लागतं. ढगाळ हंगामात रेस्क्यूची खोडंही पोकळ राहायची आणि काठावरचा गहू पडायचा.