बेळगावातून बी.फार्म : केईए, सीईटी सेल आणि कागदपत्रांच्या दोन फाइल्स

बारावी सायन्स झालेल्या सीमाभागातल्या मुलाला फार्मसीसाठी दोन राज्यांची दारं उघडी असतात. एक कर्नाटकाचं, केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या) सीईटीतून. दुसरं महाराष्ट्राचं, तिथल्या सीईटी सेलच्या (प्रवेश परीक्षा कक्षाच्या) एमएचटी-सीईटीतून. दोन्हीकडे अर्ज करायला काहीच हरकत नाही. घोटाळा होतो तो कागदपत्रांत, कारण एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात बहुतेक वेळा चालत नाही आणि हे लक्षात येतं ते अर्जाची मुदत संपत आल्यावर. म्हणून दोन वेगळ्या फाइल्स करा आणि पीयूसीच्या पहिल्या वर्षातच, म्हणजे अकरावीतच, कामाला लागा.

पात्रतेच्या बाबतीत दोन्ही राज्यं साधारण सारखीच. बारावीला इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री आणि सोबत बायोलॉजी किंवा मॅथ्स हवं. फिजिक्स, केमिस्ट्री आणि तिसऱ्या विषयात मिळून सर्वसाधारण गटाला किमान ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के. बायोलॉजी नाही म्हणून फार्मसी बंद, हा समज चुकीचा आहे. पीसीएमच्या मुलांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल बायोलॉजी शिकवतात आणि पीसीबीवाल्यांना रेमेडियल मॅथ्स. कोर्स ४ वर्षांचा, ८ सेमिस्टर. फार्म.डी. हा ६ वर्षांचा वेगळा कोर्स असून त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं. त्यासाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण व्हायला हवीत.

आधी कर्नाटकाची बाजू. केईएच्या पोर्टलवर एकदाच अर्ज भरायचा असतो, त्यातच फार्मसीही येते. प्रत्येक विषयाला ६० प्रश्न, ६० गुण, ८० मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. मराठीत पेपर मिळत नाही. मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झालेल्या मुलाने पीयूसीची दोन वर्षं इंग्रजी पुस्तकांवरच काढलेली असतात, त्यामुळे ही अडचण फार मोठी ठरत नाही. खरी भीती असते ती कन्नडच्या परीक्षेची.

त्याबद्दल नीट समजून घ्या. केईए ५० गुणांची कन्नड भाषा परीक्षा घेते, पण ती होरनाडू (कर्नाटकाबाहेरच्या) आणि गडिनाडू (सीमेपलीकडच्या) कन्नडिग गटातून अर्ज करणाऱ्यांसाठी. गडिनाडू म्हणजे आपण नव्हे. त्या यादीत महाराष्ट्रातले दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज हे तालुके आणि केरळातला कासरगोडचा भाग येतो, आणि तोही कन्नड, तुळू किंवा कोडव मातृभाषा असणाऱ्यांसाठी. बेळगाव, खानापूर, निपाणीत शिकलेला मराठी मुलगा सर्वसाधारण कलमातूनच अर्ज करतो : पहिली ते बारावीपैकी किमान ७ वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात शिक्षण, आणि एसएसएलसी किंवा पीयूसी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून पास. ‘सीमाभाग’ हा शब्द बघून अर्जात गडिनाडूवर टिक करू नका. विनाकारण एक परीक्षा अंगावर येते आणि पडताळणीत गटही जातो.

या ७ वर्षांच्या अटीचा उलटा फायदाही आहे. निपाणीचा मुलगा दहावीपर्यंत इथे शिकून अकरावी-बारावीला कोल्हापूरला गेला, तरी कर्नाटकातला त्याचा हक्क शाबूत राहतो. चंदगड-कागल बाजूचा मुलगा फक्त पीयूसीसाठी बेळगावात आला असेल, तर दोन वर्षांच्या जोरावर मात्र या कलमात बसत नाही.

शिक्षणाचा तपशील केईए शाळेच्या सॅट्स नंबरवरून (विद्यार्थी नोंदणी क्रमांकावरून) पडताळते. तरीही शाळेचा स्टडी सर्टिफिकेट (तिथे शिकल्याचा दाखला) काढून त्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही घेऊन ठेवलेली बरी. शाळा बदललेली असेल तर प्रत्येक शाळेचा वेगळा लागतो. ग्रामीण कोट्याला १५ टक्के जागा आहेत, पण तिथे शाळा कुठे होती ते पाहतात, घर कुठे आहे ते नाही. पहिली ते दहावी पूर्ण १० वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. घर येळ्ळूरला आणि शाळा बेळगाव शहरात असेल, तर हा कोटा मिळत नाही. शाळा मराठी माध्यमाची असली तरी ग्रामीण कोट्याला काही आडकाठी नाही. कन्नड माध्यमाचा ५ टक्के कोटा मात्र आपल्या मुलांच्या वाट्याला येत नाही.

जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) काढायचा. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गाच्या ३बी गटात येतो आणि त्याला फॉर्म-एफ लागतो. २ए, २बी, ३ए यांनाही तोच. कॅटेगरी-१ ला फॉर्म-ई, अनुसूचित जाती-जमातींना फॉर्म-डी. दाखला हातात आला की वर छापलेला आरडी नंबर बघा. अर्जात तोच टाकायचा असतो आणि सिस्टीम त्यावरून नाव, वडिलांचं नाव आणि गट उचलते. इथेच अडकायला होतं. दाखला कन्नडात छापलेला, एसएसएलसी मार्क्स कार्ड इंग्रजीत, आधारवर आणखी तिसरंच स्पेलिंग. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. मार्क्स कार्डावरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. हे काम निकालाच्या आठवड्यात कुणाकडूनच होत नाही, नाडकचेरीतल्या रांगेत तेव्हा अख्खा तालुका उभा असतो.

रँक लागल्यावर ऑप्शन एंट्री. कॉलेजांची यादी लांबलचक भरा, मॉक अलॉटमेंटचा (नमुन्यादाखल जागावाटपाचा) निकाल बघून क्रम बदला. जागा मिळाली की चार चॉइस समोर येतात : पहिला, मिळालेली जागा घेतली, विषय संपला. दुसरा, ही जागा धरून ठेवतो पण वरची मिळाली तर हवी. तिसरा, ही सोडली, पुढच्या फेरीत बघू. चौथा, प्रक्रियेतूनच बाहेर. तिसरा चॉइस म्हणजे जुगार आहे. हातातली जागा परत मिळेलच असं नाही, तेव्हा तो विचार करूनच निवडा. फार्मसी कौन्सिलची मान्यता यायला वेळ लागला की फार्मसीच्या फेऱ्या इंजिनिअरिंगच्या मागे राहतात, त्यामुळे धीर धरायची तयारी ठेवा.

बेळगावातलं मराठा मंडळाचं फार्मसी कॉलेज बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. नेहरूनगरचं केएलईचं कॉलेज अभिमत विद्यापीठाखाली येतं, त्यामुळे तिथली प्रवेशप्रक्रिया वेगळी. त्यांची अधिसूचना स्वतंत्रपणे बघावी लागते.

आता महाराष्ट्र. इथे सीमाभागासाठी खास तरतूद आहे आणि आश्चर्य म्हणजे अनेक घरांना ती माहीतच नसते. कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या) नियमांत महाराष्ट्राचे उमेदवार ए, बी, सी, डी, ई अशा प्रकारांत मोडतात. त्यातला ‘ई’ हा प्रकार महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी एखाद्या गावचा रहिवास असला पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, तसंच बिदरकडचा भाग त्यात येतो. दोन दाखले लागतात : एक वादग्रस्त भागातल्या रहिवासाचा, दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. दोन्ही माहितीपुस्तिकेच्या शेवटी जोडलेल्या नमुन्यातच हवेत. कचेरीतून मिळालेला साधा रहिवासी दाखला अपलोड केला की छाननीत त्रुटी निघते आणि ती दूर करायला मोजके दिवस मिळतात. सहीचा अधिकार कुणाला, हे त्या नमुन्याखालीच छापलेलं असतं, ते वाचूनच पुढे जा. मुलाला पीयूसीसाठी धारवाड किंवा मंगळूरकडे पाठवणार असाल, तर दहावी-बारावी कुठून पास व्हायला हवी याबद्दलची या प्रकाराची अट आधीच वाचून ठेवा. नंतर ती दुरुस्त करता येत नाही.

एमएचटी-सीईटी संगणकावर होते, एकूण २०० गुण, इथेही निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे पेपर मराठीतूनही देता येतात, मॅथ्स फक्त इंग्रजीत. अभ्यासक्रम महाराष्ट्र बोर्डाचा, त्यात अकरावीचा भाग साधारण २० टक्के. पीयूसीच्या मुलांनी त्या बोर्डाची पुस्तकं एकदा चाळून घ्यावीत. आणि कर्नाटकातला फॉर्म-एफ इथे चालत नाही. महाराष्ट्रात राखीव जागा मागायची तर तिथला जातीचा दाखला आणि जात पडताळणी लागते. ते नसेल तर खुल्या गटातून अर्ज करा, पण खोटी आशा धरून चुकीचा गट भरू नका.

दोन्हीकडच्या फाइलमध्ये दहावी-बारावीच्या मार्क्स कार्डांच्या प्रती, टीसी, आधार आणि फोटो असतातच. मूळ टीसी मात्र एकच असते. एका राज्यात प्रवेश घेऊन ती जमा केली आणि दुसरीकडे चांगली जागा लागली, की आधी पहिला प्रवेश रद्द करावा लागतो. फी परतीची शेवटची तारीख दोन्ही बाजूंची लिहून भिंतीवर चिकटवा.

फी भरण्यापूर्वी कॉलेजचं नाव भारतीय फार्मसी परिषदेच्या मान्य यादीत त्याच शैक्षणिक वर्षासाठी आहे का ते बघा. मान्यता नसलेल्या कॉलेजची पदवी घेऊन राज्य फार्मसी परिषदेत नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय मेडिकल दुकानात फार्मासिस्ट म्हणून बसता येत नाही. एजंट ‘मान्यता येतेय’ म्हणाला तर ती आधी येऊ द्या, पैसे नंतर भरा.

सीईटीत काहीच जमलं नाही, तर डी.फार्म. हा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. तो पास झाल्यावर लॅटरल एंट्रीने थेट बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं.