एका मात्रेत व्यसन: पडद्यावरचे आणि प्रत्यक्षातले

‘अमली पदार्थ एकदा जरी घेतला, तरी माणूस कायमचा गुलाम होतो,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. विज्ञानकथांवरील मालिकांत परग्रहावरचे औषध एका मात्रेतच पात्राला अंकित करते, त्यामुळे हा समज अधिकच पटतो; चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या भागात कथेला तेवढीच सवड असते, हेही खरे.

प्रत्यक्षात व्यसन ही बहुधा हळूहळू घडणारी प्रक्रिया असते. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, कधीतरी सेवन केलेल्यांपैकी अवलंबित्व (म्हणजे वैद्यकीय भाषेत व्यसन) आलेल्यांचे प्रमाण तंबाखूसाठी सुमारे ३२ टक्के, हेरॉइनसाठी २३ टक्के आणि मद्यासाठी १५ टक्के आढळले. याचा अर्थ एक मात्रा निर्धोक असा मुळीच नाही, कारण अतिमात्रेने पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो. तो धोका मात्र वेगळा आहे.

पडताळणीसाठी आंतरराष्ट्रीय रोग-वर्गीकरणाची दहावी आवृत्ती पाहावी: अनावर ओढ, ताबा सुटणे, वाढती मात्रा लागणे अशा सहा लक्षणांपैकी किमान तीन लक्षणे वर्षभरात एकत्र दिसली, तरच त्या आवृत्तीनुसार अवलंबित्वाचे निदान होते.

सगळ्याच मालिका घाई करत नाहीत. ‘बॅबिलॉन ५’मधील डॉक्टर थकवा घालवण्यासाठी उत्तेजके घेऊ लागतो, रुग्णांसाठीच घेतो असे स्वतःला समजावतो आणि बऱ्याच भागांनंतर पद सोडतो. तो खलनायक नाही. त्याचे कर्तव्यभानच त्याची सबब बनते, आणि हे चित्रण मला वास्तवाच्या अधिक जवळचे वाटते.