दुधी काचेवरचं उलटं जग

लार्ज फॉरमॅट, म्हणजे मोठ्या आकाराच्या फिल्मच्या कॅमेऱ्यामागे काळं फडकं डोक्यावर ओढून उभं राहिलं की समोरचं जग एका दुधी काचेवर दिसतं: खाली डोकं वर पाय, डावं-उजवंही उलटं. या काचेवर बघूनच फोकस करायचा आणि मग तिच्या जागी फिल्म सरकवायची. माझी काच साफ करताना हातातून निसटली आणि फरशीवर फुटली. तेव्हापासून मी ही काच घरीच घासतो.

साधी पारदर्शक काच का चालत नाही? भिंगाची प्रतिमा तिथेही तयार होते, पण किरण काचेतून सरळ पुढे निघून जातात. काच खडबडीत असली की ते चहूकडे विखुरतात आणि प्रतिमा काचेवर चिकटवल्यासारखी दिसते.

काचवाल्याकडून २ मिलिमीटरची फ्लोट काच (खिडकीची साधी सपाट काच) मापाने कापून घ्यावी. कडा वॉटर पेपरने (पाण्यात चालणाऱ्या सॅंडपेपरने) ओल्यानेच मोडाव्यात, नाहीतर कडेचा एखादा कण सुटून सगळ्या काचेवर ओरखडा ओढतो. मग काच ओल्या वर्तमानपत्रावर ठेवायची, वर चिमूटभर ४०० नंबरची कार्बोरंडम (सिलिकॉन कार्बाइड) पावडर आणि चार थेंब पाणी घालायचं, आणि दुसऱ्या लहान जाड काचेने गोल गोल घासायचं. दुर्बिणीचा आरसा घासणारे हौशी लोक हीच पावडर वापरतात.

इथे सॅंडपेपर का नको, ते समजून घेण्यासारखं आहे. त्याचे कण कागदाला चिकटलेले असतात, म्हणून ते रेघा ओढतात. सुटे कण मात्र दोन काचांमध्ये लोळतात आणि लोळता लोळता काचेचे बारीक टवके उडवतात. हजारो खळगे पडतात, पण रेघ एकही नाही. सुरुवातीला कर्रकर्र आवाज येतो, हळूहळू तो मऊ होतो. म्हणजे कण झिजले, नवी पावडर घाला. पाणी कधीच तोडू नये, कारण काचेची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक. आणि उरलेला गाळ सिंकमध्ये ओतू नये, कागदाने पुसून कचऱ्यात टाकावा.

मध्येच काच धुऊन बघितली तर ती जवळजवळ पारदर्शक दिसते आणि मेहनत वाया गेली असं वाटतं. पण हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि काचेचा १.५ च्या आसपास. खळग्यांत पाणी भरलं की प्रकाश फारसा वळत नाही. काच वाळू द्या, दुधीपणा परत येतो. चकाकणारे ठिपके राहिलेत का, ते तेव्हाच कळतं.

४०० नंतर काच नीट धुऊन ६०० नंबरची, आणखी बारीक पावडर. जितकं बारीक घासाल तितकी प्रतिमा उजळ आणि तिच्यातला दाणेदारपणा कमी. पण फार बारीक काच प्रकाश पुरेसा फाकवत नाही. मधोमध लखलखाट आणि कोपरे काळोखात, असं होतं. वाइड अँगल भिंगाला हे फार जाणवतं. माझ्या मते ६०० वर थांबावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घासलेली बाजू भिंगाकडे हवी, कारण फिल्मची जागा तीच. मी एकदा उलटी बसवली होती. २ मिलिमीटर काचेत खडबडीत पृष्ठभाग तेवढाच मागे गेला. काचेतल्या अपवर्तनामुळे प्रतिमाही थोडी मागे सरकली, तरी फोकसची चूक सुमारे १.३ मिलिमीटर उरली. काचेवर सगळं लख्ख, फिल्मवर सगळं धूसर.

शेवटी त्याच घासलेल्या बाजूवर पेन्सिलने चौकटीच्या रेघा आखायच्या. गुळगुळीत काचेवर पेन्सिल उमटत नाही, इथे छान उमटते. लूप (डोळ्याला लावायचं छोटं भिंग) लावून बघितलं तर रेघ आणि कॅमेऱ्यासमोरच्या तुळशीचं पान एकाच वेळी स्पष्ट दिसतात, आणि पान हललं की रेघेवरून सरकत जातं.