पार्श्वभूमी : बिघडलेल्या व्हिडिओ गेममधून अमूर्त चित्रं

या कलेचा आरंभ बहुतेक जण १९७८ सालच्या शिकागोपर्यंत नेतात. तिथल्या दोघातिघांनी चालू गेमयंत्रावर गुद्दा हाणला. यंत्र पडद्यावर मेन्यू लिहीत असतानाच कॅसेट उसळून बाहेर आली आणि मग पडद्यावर जे उमटत गेलं ते त्यांनी टेप केलं. दोन वर्षांनी आलेल्या पॅकमॅनमध्ये २५६व्या लेव्हलला पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांनी-आकड्यांनी भरून जाई, कारण लेव्हल मोजायला एकच बाइट होता आणि त्यात २५५ पर्यंतचाच आकडा मावतो. पण तेव्हा त्याच्याकडे चित्र म्हणून कुणी पाहिलं नाही.

खरी खाण म्हणजे १९८३ सालचं फॅमिकॉम, निन्टेन्डो कंपनीचं घरगुती गेमयंत्र. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडले जाणारे बहुतेक संच त्याचीच नक्कल होते. फुंकर मारूनही कॅसेट नीट बसली नाही की आकाशाच्या जागी अक्षरं आणि विटांचे तुकडे दिसत, ते अनेकांना आठवत असेल. यामागे एक शिस्त आहे. या यंत्राच्या स्मृतीत पार्श्वचित्र चित्र म्हणून नसतंच. ३२ बाय ३० चौकटींचे ९६० क्रमांक तेवढे असतात. प्रत्येक क्रमांकाचं ८ बाय ८ पिक्सेलचं चित्र बहुतेक वेळा कॅसेटमधल्या वेगळ्या चिपमधून येतं. एखादी पिन टेकली नाही की क्रमांक बरोबर, पण चित्र भलतंच. रंग मात्र यंत्राच्याच स्मृतीतून, १६ बाय १६ पिक्सेलच्या ठोकळ्यांनी ठरतात, म्हणून आकार विस्कटले तरी रंगांची मांडणी टिकून राहते. या चित्रांचं सौंदर्य मुख्यतः इथूनच येतं.

१९९०च्या सुमारास कॅसेट आणि यंत्र यांच्यामध्ये बसवायचं चीट कोडचं उपकरण आलं. त्यात वाटेल तो कोड टाकून खेळ बिघडवता येऊ लागला. पुढे एम्युलेटर, म्हणजे संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम, आले आणि रॉममधले (कॅसेटमधल्या खेळाच्या फाइलमधले) बाइट हवे तसे बदलणं घरबसल्या जमू लागलं.

वाद पेटला तो इथे. २००४ सालच्या एका प्रबंधाने अशा चित्रांची दोन गटांत विभागणी केली: आपोआप घडलेला ‘शुद्ध’ ग्लिच (म्हणजे यंत्राचा बिघाड) आणि मुद्दाम घडवलेला ‘ग्लिचसारखा’. ती विभागणी अजूनही वापरली जाते, पण शिकागोतल्या गुद्द्यालाच ती लावून पाहावी. गुद्दा मुद्दाम मारलेला, चित्र मात्र कुणी ठरवलेलं नाही. मग ते कुठल्या गटात टाकायचं? रॉममधले बाइट यदृच्छेने बदलणाऱ्या प्रोग्रामचंही तेच. १९९६ साली क्वेक हा त्रिमितीय नेमबाजीचा गेम आला. पुढच्या काही वर्षांत युरोपातल्या एका जोडीने त्याच्या इंजिनाला (पडद्यावरची दृश्यं रेखाटणाऱ्या प्रोग्रामला) काळ्यापांढऱ्या चौकटींच्या भिंती दिल्या. इंजिनाला त्या नीट रेखाटता येईनात आणि पडद्यावर लाटांसारखी नक्षी फिरू लागली. हेतू माणसाचा, चूक यंत्राची. प्रश्न हेतूचा नाहीच. यंत्राची मूळ रचना चित्रात दिसते की नाही, हे पाहायला हवं. मोबाइलवरचे तयार ‘ग्लिच’ फिल्टर कुठल्याही फोटोवर तेच लाल-निळे पट्टे सरकवतात. त्यांत बिघडलेलं काहीच नसतं, आणि त्यांना या परंपरेत बसवणं चूक आहे.

अलीकडे प्रश्न जतनाचा आहे. नव्या सपाट टीव्हीवर जुन्या संचाचा सिग्नल वेगळा दिसतो आणि पिक्चर ट्यूबचे टीव्ही बाजारातून गेले आहेत. त्यामुळे प्रदर्शनांत पुष्कळदा जुन्या यंत्राऐवजी त्याचं रेकॉर्डिंग लावतात, आणि यंत्र समोर चालू असताना पुढच्या क्षणी काय उमटेल याची जी अनिश्चितता असते ती त्यात उरत नाही.