टेप गुंडाळली म्हणजे केबल सुरक्षित झाली का?

केबलचे आवरण फाटले तर इन्सुलेशन टेप गुंडाळली की ती बोगद्यातही पूर्ववत सुरक्षित होते, असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. टेपने उघडी तार झाकली जाते हे खरे. पण मूळ आवरणाची ताकद परत येत नाही, आणि भुयारात झिरपणारे पाणी टेपच्या कडेने आत शिरते. त्याहून घातक बाब म्हणजे चाकाखाली चिरडलेल्या केबलमधील अर्थिंगची तार (गळणारी वीज जमिनीत नेऊन धक्क्यापासून वाचवणारी) आतून तुटलेली असू शकते, तरीही यंत्र नेहमीसारखे चालत राहते आणि कोणाला शंकाही येत नाही. पडताळणीसाठी प्रशिक्षित वायरमनने दोन्ही टोके सोडवून, केबल वाकवत, मल्टिमीटरने अर्थिंगची सलगता, म्हणजे तार कुठे तुटलेली नाही ना, तपासावी आणि मेगरने इन्सुलेशनचा रोध मोजावा. केबल मुळात जमिनीवरून न नेता भिंतीलगत इन्सुलेटेड हुकांवर टांगावी.